वर्षावनाचा प्रवासबेत आणि मराठी अरण्यलेखन : एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत मराठी मध्यमवर्गाच्या पर्यटनात अरण्याला मानाचे स्थान मिळाले आहे. ताडोबा, मेळघाट, पेंच ही नावे घरोघरी परिचित झाली असून आता केरळ व कर्नाटकातील सदाहरित अरण्यांकडेही सहली जाऊ लागल्या आहेत. महाविद्यालयांच्या अभ्याससहलीही यास अपवाद नाहीत. अशा सहलीचा बेत आखताना रेल्वेचे आरक्षण, निवास, भोजन, वाहन, वनखात्याची परवानगी आणि दरडोई खर्च यांचा तपशीलवार विचार होतो. तथापि प्रवासी ज्या अरण्याची प्रतिमा मनात घेऊन निघतो, ती प्रतिमा कोठून आली आणि ज्या अरण्यात तो जाणार आहे त्याला ती लागू पडते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

निसर्गपर्यटनाच्या व्याख्येतच या प्रश्नाला जागा आहे. आंतरराष्ट्रीय इकोटुरिझम संस्थेने १९९० मध्ये केलेल्या व्याख्येत नैसर्गिक प्रदेशातील जबाबदार प्रवास, पर्यावरणाचे रक्षण आणि स्थानिकांचे हित हे तीन घटक होते. २०१५ मध्ये ही व्याख्या सुधारताना त्यात अर्थविवरण आणि शिक्षण यांची भर घालण्यात आली. अर्थविवरण हे भाषेचे आणि वाङ्मयाचे कार्य होय. जे दिसते त्याचा अर्थ लावण्याची रीत माणसाला बहुतांशी त्याच्या भाषेतील लेखनाने दिलेली असते. म्हणून वर्षावनाच्या प्रवासबेताचा विचार हा भूगोल आणि वनस्पतिशास्त्र यांच्याइतकाच मराठीच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी वाचकाच्या मनातील 'अरण्य' हे मुख्यत्वे विदर्भातील पानझडी अरण्य आहे. या अरण्याने आपल्याला श्रेष्ठ दर्जाचे लेखन दिले. परंतु त्या लेखनातून घडलेली अपेक्षा जशीच्या तशी वर्षावनात नेली असता प्रवासी निराश होतो, आणि त्याच्या निराशेची किंमत अखेर अरण्याला मोजावी लागते.

मराठी अरण्यलेखनाची भूमी

मराठीतील अरण्यलेखनाचा विचार करताना मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर ही दोन नावे प्रथम पुढे येतात. चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यात दीर्घकाळ सेवा केली. त्यांचे अनुभवविश्व केवळ विदर्भापुरते मर्यादित नव्हते. तथापि 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'नवेगावबांधचे दिवस' आदी लेखनातून वाचकाच्या मनावर जे चित्र ठसले ते प्राधान्याने नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट या परिसराचे. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा अरण्यलेखन हा साहित्याचा मुख्य प्रवाह असल्याची जणू नोंदच झाली. माडगूळकरांचे 'नागझिरा' हे पुस्तक त्याच अरण्यातील मुक्कामाचे आहे. 'सत्तांतर' या त्यांच्या लघुकादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांमधील सत्तासंघर्ष हा तिचा विषय आहे.

या दोघांहून वेगळी वाट दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या ग्रंथाची. तेथे वन्यप्राण्यांचा शोध नाही, अरण्यातील मुक्काम नाही. महिन्यामहिन्याने पालटणारी झाडे, फुले, आकाश आणि पाखरे यांचे ते चिंतन आहे. पुढे शरदिनी डहाणूकर यांनी 'वृक्षगान', 'फुलवा' यांसारख्या पुस्तकांतून आणि श्री. द. महाजन यांनी 'देशी वृक्ष'सारख्या लेखनातून वनस्पतिविषयक दृष्टी मराठीत रुजविली.

या लेखनाचे मोल वादातीत आहे. मात्र त्याची भूमी कोणती, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ग्रामीण साहित्याचा विचार करताना माणदेश, कोकण, मराठवाडा असे भेद आपण काटेकोरपणे पाळतो. अरण्यलेखनाचा विचार करताना मात्र 'जंगल' हा एकच शब्द आपल्याला पुरेसा वाटतो. वस्तुतः पानझडी अरण्य आणि वर्षावन यांतील अंतर माणदेश आणि तळकोकण यांतील अंतराहून कमी नाही.

दृश्यता आणि वाङ्मयप्रकार

पानझडी अरण्याचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे ते वर्षातून काही महिने उघडे होते. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने गळतात, गवत वाळते, नजर दूरवर पोहोचते. दुसरे वैशिष्ट्य पाण्याचे. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर सर्व प्राण्यांना यावेच लागते. पाणवठ्याजवळ दबा धरून बसणाऱ्याला अरण्य स्वतःहून भेटायला येते. शिकारकथेतील मचाण आणि निरीक्षकाचे लपण यांचे मूळ या एकाच परिस्थितीत आहे. शिकाऱ्याच्या हातातील बंदूक गेली आणि दुर्बीण आली, तरी पाणवठा, प्रतीक्षा आणि दर्शन हा कथेचा क्रम कायम राहिला.

या क्रमावरच आपल्या अरण्यलेखनाचे रूपबंध उभे आहेत. 'सत्तांतर'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वानरांच्या टोळीतील प्रत्येक व्यक्ती वेगळी ओळखता येणे, तिच्या हालचालींचा दिवसेंदिवस पाठपुरावा करता येणे, संघर्षाचा आरंभ, मध्य आणि शेवट डोळ्यांसमोर घडणे, या सर्व गोष्टी शक्य असतील तरच अशी कादंबरी लिहिता येते. जमिनीवर उतरणारे, विरळ झाडीत वावरणारे वानर ही संधी देतात. शास्त्रीय संशोधनातही हेच दिसते. टोळीवर ताबा मिळविणाऱ्या नराकडून होणाऱ्या पिल्लांच्या हत्येची नोंद युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या कोरड्या अरण्यात केली. पुढे सारा हर्डी यांनी या प्रश्नाचा अभ्यास अबूच्या परिसरात केला. जे सलग दिसते त्याचीच कथा होते. म्हणजेच 'सत्तांतर'चा रूपबंध हा लेखकाच्या प्रतिभेचा जेवढा, तेवढाच त्या अरण्याच्या उघडेपणाचाही आहे, असे म्हणावे लागेल.

'ऋतुचक्रा'विषयीही असेच विधान करता येईल, परंतु वेगळ्या अंगाने. चैत्र ते फाल्गुन असा क्रम घेऊन लिहिता येते, कारण आपल्या परिसरातील झाडे महिन्याच्या हाकेला एकत्रितपणे ओ देतात. पळस फुलतो तेव्हा सारा माळ पेटतो. पानगळ होते तेव्हा सारे रान ओके होते. ऋतू ही येथे सामुदायिक घटना असते. वर्षावनात हा सामुदायिकपणा फारसा नसतो. एका झाडाची पाने गळत असता शेजारचे झाड फुलांवर असते आणि तिसऱ्याला कोवळी पालवी फुटलेली असते. नागकेशराची किंवा दालचिनीची लालसर पालवी दुरून मोहोरासारखी भासते. तेथेही ऋतुचक्र असते, परंतु ते प्रत्येक वृक्षजातीचे वेगळे असते आणि ते वाचायला अधिक बारीक नजर लागते.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. या लेखकांनी वर्षावनावर लिहिले नाही हा त्यांचा दोष नव्हे. लेखक आपल्या अनुभवाच्या भूमीवरच उभा राहून लिहितो. दोष असलाच तर तो त्यांच्या अरण्याला सर्व अरण्यांचा नमुना मानणाऱ्या वाचकाचा आणि तो भेद लक्षात आणून न देणाऱ्या समीक्षेचा आहे.

वर्षावनातील न दिसणे

पश्चिम घाटातील वर्षावनाविषयी पहिली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, केवळ पावसाच्या एकूण मापावरून ते ठरत नाही. आंबोली येथे वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेला काळ कोरडा असतो. दक्षिणेकडे जावे तसा कोरडा काळ आखूड होतो आणि सदाहरित वन अधिक उंच, अधिक वैविध्यपूर्ण होत जाते. म्हणूनच महाबळेश्वर-भीमाशंकरच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे बुटके सदाहरित रान आढळते, तर केरळात तीस ते चाळीस मीटर उंचीच्या वृक्षांची दाट छत्री दिसते.

या छत्रीतून जमिनीपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश अवघा एक-दोन टक्के असतो. परिणामी जमिनीलगत गवत नाही आणि गवत नाही म्हणून हरणांचे मोठे कळपही नाहीत. पाणी जागोजागी असल्यामुळे पाणवठ्यावर बसून प्राण्यांची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. बहुतेक जीवन वर, फांद्यांच्या मजल्यांवर चालते. सिंहपुच्छ वानर हा येथील प्रातिनिधिक प्राणी आपला बहुतेक काळ वृक्षछत्रात घालवतो. त्याच्या आहारात कुलेनिया या वृक्षाच्या फुलांना व काटेरी फळांना महत्त्वाचे स्थान आहे. पाहणाऱ्याला वानर दिसण्यापूर्वी फांदी हललेली दिसते, पडलेले फळ दिसते किंवा केवळ आवाज ऐकू येतो.

याउलट जे सहज दिसते त्याकडे पाहण्याची सवय प्रवाशाला नसते. खोडांवर वाढणारी ऑर्किडे, नेचे आणि शेवाळे, वृक्षांची भिंतीसारखी पसरलेली आधारमुळे, कुजणाऱ्या ओंडक्यावरील कवके, पावसाळ्यातील बेडूक, मुंग्यांच्या रांगा हे वर्षावनाचे खरे दृश्य होय. येथील पोषकद्रव्यांचा मोठा साठा मातीपेक्षा सजीवांच्या देहात असतो. गळलेले पान लवकर कुजते आणि त्यातील द्रव्ये मुळे व बुरशी तत्परतेने पुन्हा उचलतात. वृक्षतोड झाली की अतिवृष्टीत ही माती झपाट्याने निकस होते. म्हणून पायाखालच्या पाचोळ्याकडे पाहणे हे येथे वाघ पाहण्याइतकेच मूलभूत निरीक्षण ठरते. परंतु 'पाचोळा पाहिला' असे सांगणारा प्रवासी आपल्या वाचनाने अद्याप घडविलेला नाही.

थेक्कडी आणि सायलेंट व्हॅली

अपेक्षेचा हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. केरळातील दोन स्थळांची तुलना केल्यास तो स्पष्ट होतो.

पेरियार व्याघ्र प्रकल्पातील थेक्कडी हे मराठी पर्यटकांचे आवडते ठिकाण आहे. तेथील मुख्य आकर्षण नौकाविहाराचे. नावेतून जाताना काठावरील मोकळ्या गवताळ पट्ट्यात हत्ती, गवे, सांबर दिसतात आणि वर्षावन पाहिल्याचे समाधान मिळते. परंतु हा जलाशय १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणामुळे तयार झाला आहे. काठाचा मोकळा पट्टा ही जलाशयाच्या पातळीतील चढ-उतारांची निर्मिती होय. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, धरणाने वर्षावनाच्या प्रदेशात एक भव्य पाणवठा निर्माण केला आणि पाणवठ्यावर प्राणी पाहण्याची आपली जुनी अपेक्षा तेथे पूर्ण झाली. प्रवाशाने पाहिली ती अरण्याची कड. अरण्य तिच्या मागे राहिले.

त्याच पेरियारमध्ये एक वेगळा प्रयोगही झाला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या भारत परिस्थितिकी विकास प्रकल्पांतर्गत रानदालचिनीची साल चोरून नेणाऱ्या लोकांची समिती स्थापन करण्यात आली आणि त्यांना पायवाटेने पर्यटकांना नेण्याचे व अरण्याची गस्त घालण्याचे काम देण्यात आले. साल काढणाऱ्याला झाड ओळखावे लागते, वाट लक्षात ठेवावी लागते, हत्तीचा वावर कानाने आणि नाकाने जाणावा लागतो. न दिसणाऱ्या अरण्याचा अर्थ लावणारे हे खरे जाणकार होत. नावेतील दोन तासांपेक्षा त्यांच्यासोबतच्या एका सकाळीचे मोल अधिक आहे. परंतु त्या सकाळी एकही मोठा प्राणी न दिसण्याची शक्यता प्रवाशाने आधीच स्वीकारलेली असली पाहिजे.

दुसरे उदाहरण पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीचे. कुंतीपुळा नदीच्या खोऱ्यातील या अरण्याला 'सैरंध्री' हे जुने नाव आहे. अज्ञातवासातील द्रौपदीने घेतलेले हे नाव मराठी वाचकालाही परिचित आहे. नदीच्या नावातही कुंती आहे. या नदीवर जलविद्युत प्रकल्प बांधण्यास १९७३ मध्ये नियोजन आयोगाने मान्यता दिली. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीत केरळ शास्त्र साहित्य परिषदेने आणि एम. के. प्रसाद यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने मोठी भूमिका बजावली. कवयित्री सुगतकुमारी यांच्यासह अनेक मल्याळी साहित्यिक तीत उतरले. सुगतकुमारींची 'मरत्तिनु स्तुति' ही वृक्षस्तुतीची कविता या चळवळीचे जणू प्रार्थनागीत बनली. अखेर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि १९८५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत हे उद्यानही आहे. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली स्थळेही त्याच यादीत आहेत.

या लढ्याचे वाङ्मयीन महत्त्व असे की, ज्या अरण्यात दाखविण्यासारखे फारसे काही नाही असे विरोधकांना वाटत होते, त्याच्या बाजूने समाजाला उभे करायचे होते. वानर महत्त्वाचे की माणूस, असा उपहासही तेव्हा झाला. ज्या अरण्याला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही आणि जे पाहूनही सहज दिसत नाही, त्याचे मोल शब्दांनी पटवून देण्याचे काम मल्याळी साहित्याने केले. दर्शनाऐवजी कृतज्ञता हा त्या लेखनाचा पाया होता. मराठी अरण्यलेखनाला जोडून घेण्यासारखी ही परंपरा आहे.

प्रवासबेताची फेरमांडणी

वरील विवेचनाच्या आधारे सायलेंट व्हॅलीच्या प्रवासबेताचा विचार करू. मन्नारक्काडमार्गे मुक्काली येथे पोहोचल्यावर वनखात्याने मान्यता दिलेल्या वाहनातून सुमारे २३ किलोमीटर अंतरावरील सैरंध्री येथे जाता येते. तेथे निरीक्षण मनोरा असून नदीच्या दिशेने पायवाट आहे. जाऊन-येऊन ही फेरी सुमारे चार-पाच तासांची होते. मूळ गाभ्याचे क्षेत्र ८९.५२ चौरस किलोमीटर असून २००७ मध्ये त्याभोवती १४८ चौरस किलोमीटरचे संरक्षक क्षेत्र जोडण्यात आले आहे. पर्यटकाला यातील अगदी थोडा भाग पाहता येतो आणि तसेच असणे योग्य आहे.

सर्वसाधारण सहलीच्या पत्रकात या स्थळाला अर्धा दिवस दिला जातो आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात आणखी एखादे ठिकाण बसविले जाते. पानझडी अरण्याच्या हिशेबाने हे ठीक वाटते; तेथे दोन फेऱ्यांत 'दर्शन' होते किंवा होत नाही. वर्षावनात मात्र वेळ आणि अंतर यांचे प्रमाण उलटे हवे. अंतर कमी आणि थांबणे अधिक. एकाच परिसरात तीन दिवस राहून, अनुमती असलेल्या अर्ध्या किलोमीटरच्या पायवाटेवर सकाळी, दुपारी आणि पाऊस पडून गेल्यावर असे तीनदा जाणे हे तीन अभयारण्यांना भेट देण्याहून अधिक फलदायी होय.

हंगामाच्या बाबतीतही जुना संकेत तपासून पाहावा लागतो. उन्हाळा म्हणजे प्राणी दिसण्याचा काळ, हे समीकरण येथे लागू नाही. जून ते सप्टेंबर या मुसळधार पावसाच्या काळात दरडी, बंद रस्ते आणि जळवा यांमुळे विद्यार्थ्यांचा मोठा गट नेणे धोक्याचे असते. परंतु पावसाळा संपल्यानंतरचे काही आठवडे बेडूक, कवके, नेचे आणि वाहते ओढे पाहण्यास अनुकूल असतात. डिसेंबर ते मार्च हा प्रवासाला सोयीचा काळ असला तरी 'सोयीचा काळ' आणि 'अरण्याचा काळ' यांत फरक आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

गटाच्या संख्येविषयी तर तडजोड असू नये. पन्नास विद्यार्थ्यांची बस ही महाविद्यालयाच्या हिशेबाला परवडते, पायवाटेला परवडत नाही. एका गटात आठ-दहांहून अधिक जण असल्यास मागच्याला पुढच्याची पाठ दिसते आणि आवाज तर कोणालाच ऐकू येत नाही. प्रत्येक गटासोबत स्थानिक मार्गदर्शक असावा आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत यावे. शेजारच्या अट्टप्पाडी परिसरात इरुळर, मुदुगर आणि कुरुंबर या आदिवासी समाजांची वस्ती आहे. त्यांच्याकडे 'पाहण्याची वस्तू' म्हणून न जाता अरण्याचे ज्ञान असलेली माणसे म्हणून जाणे, हा व्याख्येतील 'स्थानिकांचे हित' या शब्दांचा किमान अर्थ होय.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रवासापूर्वीचे वाचन. आपल्या परंपरेतून 'ऋतुचक्र' अवश्य वाचावे, कारण ते पानाकडे पाहायला शिकवते. चितमपल्लींचे लेखन वाचावे ते प्राण्यांच्या दर्शनासाठी नव्हे, तर पाऊलखुणा, आवाज, गंध आणि स्थानिकांचे शब्द यांकडे लक्ष देण्याच्या त्यांच्या वृत्तीसाठी. माडगूळकरांचे 'नागझिरा' वाचून एका जागी मुक्काम ठोकण्याचे महत्त्व समजून घ्यावे. या तिघांकडून दृष्टी घ्यावी आणि दृश्याची अपेक्षा मात्र नवेगाव-नागझिऱ्यातच ठेवून यावी.

शब्दांचा प्रश्न

चितमपल्लींचे एक मोठे कार्य म्हणजे त्यांनी लोकांच्या तोंडचे शब्द मराठीत आणले. 'रातनिवारा', 'काकागार' यांसारखे शब्द वाचले की पाखरांचे जग जवळचे वाटू लागते. वर्षावनाच्या वाट्याला अशी शब्दसंपत्ती आलेली नाही. झाडावर वाढणाऱ्या पण झाडाचे अन्न न खाणाऱ्या वनस्पतीला परिभाषेत 'अपिवनस्पती' म्हणतात. तो शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच पडतो. वृक्षछत्राच्या मजल्यांना बोलीतील नावे आपण शोधलेली नाहीत.

परंतु ही नावे अस्तित्वातच नाहीत असे मानणे चुकीचे ठरेल. सिंधुदुर्गातील माणूस सुरंगी, कोकम, नागकेशर, धूप ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. कोकणातील देवरायांत सदाहरित वनाचे लहान तुकडे श्रद्धेने जपले गेले. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय महत्त्व पुढे आणले. आपल्याच उंबरठ्यावर वर्षावनाच्या उत्तरेकडील कडा आहेत. त्यांना अद्याप त्यांचा चितमपल्ली भेटायचा आहे.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. ज्याला नाव नाही ते नाहीसे झाल्याचे लक्षात येत नाही. दोडामार्ग तालुक्यात रबराच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले. वाहनाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला रबराचे मळेही हिरवेच दिसतात. मुन्नारचे चहाचे मळे पाहून 'केरळचे जंगल पाहिले' असे म्हणणारे प्रवासी कमी नाहीत. पानझडी अरण्य तोडले तर उघडी जमीन दिसते; सदाहरित अरण्याच्या जागी एकसुरी बाग आली तर हिरवेपणा कायम राहतो आणि फसवणूक पूर्ण होते. हिरव्यातील हिरवे ओळखता येणे ही वर्षावनाच्या संदर्भातील प्राथमिक साक्षरता होय, आणि ती देण्याचे काम प्रवासाने करावयाचे आहे.

निराश प्रवाशाची किंमत अरण्याला मोजावी लागते, असे आरंभी म्हटले त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. 'काहीच दिसले नाही' अशी तक्रार वाढली की आणखी आत जाणारा रस्ता, आणखी एक मनोरा, आणखी एक नाव यांची मागणी होते. प्रत्येक रस्ता छत्रीत फट पाडतो आणि वृक्षांवरून वृक्षांवर जाणाऱ्या प्राण्यांची वाट तोडतो. चुकीची अपेक्षा अशा रीतीने अरण्यालाच आपल्यासारखे करून घेते. सायलेंट व्हॅली वाचविण्यासाठी तेथील समाजाने धरणाला नकार दिला. आपल्याला नकार द्यावयाचा आहे तो आपल्याच सवयीला.

निष्कर्ष

१) मराठी अरण्यलेखनाची मुख्य भूमी विदर्भातील पानझडी अरण्य ही असून त्या लेखनाचे रूपबंध त्या अरण्यातील दृश्यतेशी निगडित आहेत. समीक्षेने अरण्यलेखनाचा विचार प्रदेशभेदाने करणे आवश्यक आहे.

२) या लेखनातून घडलेली दर्शनाची अपेक्षा वर्षावनात लागू पडत नाही. थेक्कडीच्या नौकाविहारात ती पूर्ण झाल्यासारखी वाटते, ती धरणाने निर्माण केलेल्या काठामुळे.

३) वर्षावनाच्या प्रवासबेतात अंतर कमी, मुक्काम अधिक, गट लहान, स्थानिक मार्गदर्शक अनिवार्य आणि पूर्ववाचन हा बेताचाच भाग, ही पाच तत्त्वे पाळली जावीत.

४) सायलेंट व्हॅलीच्या चळवळीत साहित्याने न दिसणाऱ्या अरण्याचे मोल समाजाला पटवून दिले. आंबोली-तिलारीपासून दक्षिणेकडे पसरलेल्या सदाहरित वनाविषयी असे लेखन मराठीत विपुल प्रमाणात होणे ही काळाची गरज आहे.

५) महाविद्यालयांच्या अभ्याससहली वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि मराठी या विभागांनी संयुक्तपणे आखाव्यात. अहवालात 'काय दिसले' या रकान्याबरोबरच 'काय ऐकले', 'कोणते नाव कोणाकडून शिकलो' असे रकाने असावेत. विद्यार्थ्याने परत येताना एका झाडाचे स्थानिक नाव, ते सांगणाऱ्या माणसाच्या उच्चारासह, आणले तरी सहलीचा खर्च सार्थकी लागला असे समजण्यास हरकत नाही.